बेस गिटारचे पिकअप: हम कुठून येतो आणि टोन कुठे जातो

पिकअप म्हणजे तारेखाली बसवलेले चुंबक आणि त्यांच्याभोवतीची वायरची गुंडाळी (कॉइल), तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी. जॅझ आणि प्रिसिजन ही फेंडर कंपनीची दोन बेस मॉडेलं. प्रश्न थोडक्यात असा आहे: जॅझ बेसवर एका पिकअपचा व्हॉल्यूम नॉब जरा खाली घेतला की अ‍ॅम्पमधून गुरगुर, म्हणजे हम, सुरू होते. त्याच खोलीत, त्याच केबलवर प्रिसिजन बेस मात्र गप्प. जॅझमध्ये हम न करणारे पिकअप बसवले तर गुरगुरीसोबत टोनही जाईल का? आणि दोन पिकअपांची तुलना करायचीच झाली, तर नेमकी कशी करायची?

‘हम घालवला की टोन जातो’ हे अर्धंच खरं आहे. टोन मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो: पिकअप तारेखाली कुठे बसलाय, तो तारेचा किती लांबीचा तुकडा ‘ऐकतो’, आणि त्याच्या कॉइलचा इंडक्टन्स (बदलत्या विजेला अडवण्याचा गुण) किती आहे. हम घालवण्याच्या काही पद्धती या तिन्हींत ढवळाढवळ करतात, काही जवळजवळ करत नाहीत. फेंडरने १९५१ मध्ये काढलेल्या प्रिसिजनला साधा सिंगल कॉइल होता. १९५७ मध्ये त्याच्या जागी दोन तुकड्यांचा स्प्लिट कॉइल आला, तो हम करत नाही, आणि त्याच्या टोनला आजवर कुणी निर्जीव म्हटलेलं नाही. त्यामुळे भीती हम-कॅन्सलिंगची नको. ते कशा पद्धतीने केलंय हे बघायचं.

मराठीत ‘आवाज’ म्हटलं की तारेचा सूरही त्यात आला आणि नको असलेली गुरगुरही, त्यामुळे दुरुस्तीच्या टेबलावर बरेच गोंधळ होतात. ‘आवाज येतोय’ एवढ्यावरून काही कळत नाही. कोणता येतोय ते आधी ठरवा. हम म्हणजे खोल, स्थिर, गोलसर गुरगुर. ५० हर्ट्झची वीज असेल तिथे ५० आणि तिच्या पटीत १५०, २५० वगैरे. ६० हर्ट्झची असेल तिथे ६०, १८०. हा ट्रान्सफॉर्मर, मोटर, वायरिंग यांच्या चुंबकीय क्षेत्रातून थेट कॉइलमध्ये शिरतो. बझ म्हणजे खरखरीत, कानाला टोचणारी झणझण. डिमर, ट्यूबलाइट आणि चार्जर यांच्याभोवतीच्या विद्युत क्षेत्रातून ती येते. उघड्या वायरी, शील्ड न केलेली (आतून धातूच्या थराने न मढवलेली) बेसच्या लाकडातली पोकळी आणि वाजवणाऱ्याचं स्वतःचं शरीर हे तिचे अँटेना. हिस म्हणजे पावसासारखी सळसळ. ती बहुतेक वेळा सिग्नल आधी वाढवून देणाऱ्या सर्किटमधून, म्हणजे प्रीअ‍ॅम्पमधून येते. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. हमवर तांब्याची टेप चिकटवणं म्हणजे रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला.

निदानाला पाच मिनिटं पुरतात, हत्यार लागत नाही. बेस अ‍ॅम्पला लावा, सगळे नॉब पूर्ण उघडा, तारा तळहाताने दाबू नका, फक्त ऐका. आता व्हॉल्यूम शून्यावर. गोंगाट तसाच राहिला तर पिकअपचा काही संबंध नाही. केबल, पेडल, अ‍ॅम्प किंवा अर्थ लूप (उपकरणांच्या अर्थ वायरींतून बनलेलं वेटोळं) बघा. लॅपटॉपवर रेकॉर्ड करत असाल तर चार्जर काढून बघा. बऱ्याचदा ‘पिकअपची’ म्हणून शिव्या खाणारी किणकिण चार्जरची निघते.

शून्यावर गोंगाट गेला, तर नॉब पुन्हा उघडा आणि बेस गळ्यात तसाच ठेवून जागच्या जागी सावकाश एक पूर्ण गिरकी घ्या. एका दिशेला गुरगुर जवळजवळ विरते आणि तिथून पाव गिरकीवर ती पुन्हा अंगावर येते, असं झालं तर तो चुंबकीय हम आहे. कॉइल ही दिशा ओळखणारी वस्तू आहे. क्षेत्र तिच्या आडवं गेलं की तिला ते कळतच नाही. गिरकीने फारसा फरक पडला नाही, पण ब्रिजवर (तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात तो धातूचा भाग) बोट टेकताच झणझण खाली बसली, तर तो बझ आहे आणि शील्डिंग अपुरं आहे. टोनचा नॉब बंद करूनही हेच तपासता येतं: बझ बराच गिळला जातो, ५० हर्ट्झचा हम जागचा हलत नाही.

ब्रिजला हात लावल्यावर गोंगाट वाढला तर जॅकवर टिप (सिग्नल) आणि स्लीव्हच्या (अर्थ) वायरी उलट्या सोल्डर झाल्यात का ते बघा. बझ आहे पण हात लावून तसूभरही फरक नाही, तर ब्रिजखालची अर्थ वायर तुटली असण्याची शक्यता मोठी. मल्टिमीटरची एक टोकणी ब्रिजवर, दुसरी जॅकच्या स्लीव्हवर धरा. १-२ ओहमपेक्षा जास्त दाखवायला नको. ब्रिजला रंग किंवा लॅकर असेल तर टोकणी स्क्रूच्या डोक्यावर टेकवा. आणि तारेला हात लावल्यावर बारीकसा जरी झटका जाणवला तरी हा सगळा विषय तिथेच थांबवा. ती मेन्सच्या अर्थिंगची गोष्ट आहे, गिटारची नाही. प्लगची अर्थ पिन कापून हम घालवायचा सल्ला कुणी दिला तर कानाआड करा.

आता प्रिसिजन गप्प का आणि जॅझ बोलका का ते बघू. तारेचा सिग्नल कोणत्या दिशेने निघेल हे दोन गोष्टींवर अवलंबून असतं: कॉइल कोणत्या दिशेने गुंडाळलीय आणि चुंबकाचा कोणता ध्रुव तारेकडे आहे. हमला चुंबकाशी देणंघेणं नाही. त्याची दिशा फक्त गुंडाळीवर ठरते. म्हणून एक कॉइल उलटी गुंडाळली आणि तिचे चुंबकही उलटे बसवले, तर तारेचे सिग्नल बेरजेत जातात आणि हम वजाबाकीत. प्रिसिजनमध्ये या दोन कॉइल एकाच पिकअपचे दोन तुकडे आहेत. एक ई-ए तारांखाली, दुसरा डी-जी तारांखाली, दोन्ही सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले. कोणताही नॉब फिरवला तरी जोडी फुटत नाही.

१९६० मध्ये आलेल्या जॅझ बेसमध्ये हीच जोडी दोन वेगळ्या पिकअपांत वाटलेली आहे. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असतील तेव्हा जॅझही गप्पच असतो. एक नॉब खाली आला की तोल गेला. ढोबळ हिशेब असा: एका पिकअपची पातळी दुसऱ्याच्या ९० टक्के केली, तर उरलेला हम एकट्या पिकअपच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे २० डेसिबल खाली. निम्म्यावर आणली तर फक्त ६ डेसिबल खाली, आणि ते चांगलंच ऐकू येतं. म्हणजे टोनसाठी नॉब किंचितच हलवायचा असेल तर हलवा, दंड फार नाही. पण नॉबवरच्या आकड्यावर विसंबू नका. १० वरून ८ वर आणलेला नॉब २० टक्केच कापतो असं नसतं, ऑडिओ टेपरचा पॉट (नॉबखालचा, कानाच्या हिशेबाने बदलणारा रेझिस्टर) त्याहून बरंच जास्त कापतो. दोन कॉइलींच्या वेढ्यांत फरक असेल तर दोन्ही पूर्ण उघडूनही थोडा हम उरतो. तो दोष नाही, वजाबाकीतली बाकी आहे.

जॅझचे पिकअप बदलल्यावर, किंवा दोन वेगळ्या सेटमधले एकत्र केल्यावर, चारपैकी एक परिस्थिती हाती येते. दोन्ही उघडल्यावर हम कमी आणि सूर भरदार: सगळं बरोबर, हात लावू नका. हम जास्त, सूर पातळ, पोकळ, नाकातून आल्यासारखा: कोणत्याही एका पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करा, एकाच वेळी दोन्ही दुखणी जातील. हम कमी पण सूर पातळ: गुंडाळ्या विरुद्ध आहेत पण चुंबक एकाच दिशेचे. इथे वायरी उलटवल्या तर सूर भरेल आणि हम परत येईल, तेव्हा एकाचे चुंबक उलटे करावे लागतील किंवा पिकअप बदलावा लागेल. हम जास्त आणि सूर भरदार: दोन्ही पिकअप एकाच जातीचे आले आहेत, वायरींशी खेळून काही होणार नाही. वायरी उलटवण्यापूर्वी पिकअपचं धातूचं कव्हर किंवा तळपट्टी काळ्या (अर्थच्या) वायरला जोडलेली नाही ना, ते पाहा. असेल तर आधी तो जोड कापून कव्हरला स्वतंत्र अर्थ द्या, नाहीतर कव्हर सिग्नलवर चढेल आणि बोट लागताच भोंगा वाजेल. चुंबकाची दिशा साध्या होकायंत्राने कळते. मागवताना आणखी एक बारकावा: चार तारांच्या जॅझमध्ये ब्रिजचा पिकअप नेकच्या (मानेकडच्या) पिकअपपेक्षा सुमारे २ मिमी लांब असतो. दोन नेक पिकअप आले तर एक खाचेत सैल बसेल, आणि बहुधा चौथ्या परिस्थितीत नेऊन टाकेल.

शील्डिंगबद्दलचा गैरसमज इतका पसरलेला आहे की आकडाच देतो. ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तांब्यात सुमारे ९ मिमी खोल जातं, तेव्हा कुठे ते एकतृतीयांशाच्या आसपास उतरतं. टेपची जाडी मिलिमीटरच्या शतांशांत मोजायची. म्हणजे हमच्या दृष्टीने टेप तिथे नाहीच. बझसाठी मात्र हाच उपाय रामबाण आहे, फक्त नीट करावा लागतो. गोंद वीजवाहक असलेली टेप घ्या. कंट्रोलची पोकळी, पिकअपच्या पोकळ्या आणि पिकगार्ड किंवा झाकणाची आतली बाजू हे सगळं एकमेकांना विजेने जोडलेलं हवं. पट्ट्या ५-६ मिमी एकमेकींवर चढवा आणि प्रत्येक जोडावर सोल्डरचा एक ठिपका द्या; गोंद वर्षभराने दगा देतो, सोल्डर देत नाही. झाकण बसताना पोकळीतल्या टेपला टेकावं म्हणून काठावर टेपची जिभली बाहेर वळवा. मग कोपऱ्या-कोपऱ्यांत मल्टिमीटर लावून १ ओहमच्या आत येतंय का बघा आणि पूर्ण पोकळीची एक वायर पॉटच्या पाठीवर न्या.

टेप लावल्यावर बेस एकदम मुका झाला, तर नव्वद टक्के वेळा कारण जॅकमध्ये असतं. बॅरल किंवा साध्या जॅकची टिपची पाती प्लग आत गेल्यावर बाहेर ढकलली जाते आणि शेजारच्या टेपला टेकते. प्लग नसताना मीटर ठीक दाखवतो, प्लग घालताच शॉर्ट. जॅकच्या मागच्या भिंतीवर टेपवरून इन्सुलेशन टेपचा चौकोन लावला की झालं. ग्राफाइटचा वीजवाहक रंगही चालतो. दोन-तीन हात द्यावे लागतात, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा लागतो, आणि दोन टोकांत काहीशे ओहम दिसले तरी घाबरायचं कारण नाही. कॉइलभोवती थेट टेप गुंडाळत असाल तर कडं पूर्ण करू नका, २-३ मिमी फट ठेवा. पूर्ण कडं म्हणजे शॉर्ट झालेला एक वेढा, आणि त्यात वरचे सूर गळतात.

आता टोन. इथे सगळ्यात कमी बोललं जाणारी आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारी गोष्ट म्हणजे जागा. ३४ इंची बेसची स्केल लांबी (मोकळ्या तारेचा वाजणारा भाग) ८६३.६ मिमी. ब्रिजपासून १५० मिमीवर पिकअप असेल, जो प्रिसिजनच्या आसपासचा आकडा आहे, तर ई तारेवर त्याला २३७ हर्ट्झच्या जवळपास खड्डा पडतो. त्या जागी त्या कंपनाची गाठ येते आणि तार हलतच नाही. गंमत म्हणजे फ्रेट कोणतीही दाबली तरी त्या तारेपुरता हा खड्डा तिथेच राहतो, कारण तार आखूड होते तितका मूळ सूर चढतो. ब्रिजपासून ६० मिमीवरच्या पिकअपसाठी हाच खड्डा ५९३ हर्ट्झवर जातो. म्हणून ब्रिजच्या पिकअपमध्ये मिड (मधल्या पट्ट्यातले सूर) कणखर राहतात आणि तळ पातळ लागतो. तिथे मूळ सुराचं कंपनच छोटं असतं.

दोन्ही पिकअप एकत्र केले की आणखी मजा होते. दोघांत ९१ मिमी अंतर धरलं तर ई तारेवर ३९० हर्ट्झच्या आसपास दोन्हींचे सिग्नल एकमेकांना खातात, शिवाय ३४० च्या जवळ आणखी एक खड्डा येतो. हे दोन शेजारी खड्डे म्हणजेच जॅझचा तो प्रसिद्ध ‘मिड खाली बसलेला’ सूर. जी तारेवर तेच खड्डे ८०० ते ९३० च्या पट्ट्यात जातात. सत्तरच्या दशकातल्या जॅझमध्ये ब्रिजचा पिकअप सुमारे १० मिमी ब्रिजकडे सरकवला गेला, आणि दोन्ही काळांतल्या बेसमध्ये जो फरक लोक लाकडाच्या आणि चुंबकाच्या नावावर खपवतात त्यातला मोठा वाटा या १० मिमीचा आहे. याचा अर्थ सरळ आहे: प्रिसिजन आणि जॅझ शेजारी ठेवून ‘कोणता पिकअप चांगला’ ही तुलना होऊच शकत नाही. ती दोन जागांची तुलना होते. पिकअपची तुलना त्याच खाचेत, त्याच बेसवर.

दुसरी गोष्ट इंडक्टन्स. कॉइलचा इंडक्टन्स आणि केबलचा कपॅसिटन्स मिळून एक शिखर तयार होतं. त्याच्या वर सगळं झपाट्याने उतरतं. उदाहरणासाठी ४ हेन्रीचा पिकअप घ्या, कॉइलचा स्वतःचा कपॅसिटन्स १५० पिकोफॅरड, केबल मीटरला १०० पिकोफॅरडची. ३ मीटर केबलवर शिखर ३७५० हर्ट्झला येतं, ६ मीटरवर २९०० ला. नुसती केबल बदलून इतका फरक! ‘नवा पिकअप मंद लागतो’ ही तक्रार ऐकली की पहिला प्रश्न केबलचा असावा. दोन सारख्या कॉइल सिरीजमध्ये जोडल्या तर इंडक्टन्स पॅरललच्या (समांतर जोडणीच्या) चौपट होतो, सूर ६ डेसिबलने चढतो आणि त्याच केबलवर शिखर निम्म्याच्या आसपास खाली येतं. सिरीजचा सूर म्हणूनच जाड आणि मिड-भरलेला, पॅरललचा काचेसारखा.

डीसी रेझिस्टन्सवरून टोन ओळखायची सवय मात्र सोडा. प्रिसिजनचे १०-११ किलोओहम आणि जॅझचे प्रत्येकी ७-८ किलोओहम हे आकडे पिकअप जिवंत आहे की नाही एवढंच सांगतात. बारीक वायर वापरली की वेढे तेवढेच राहून ओहम वाढतात. जॅकवरून मोजताना पॉट समांतर येतात हेही धरा: दोन ७.५ किलोओहमचे पिकअप आणि दोन २५० किलोओहमचे पॉट असलेला जॅझ दोन्ही नॉब उघडे असताना साधारण ३.६ किलोओहम दाखवेल. एकदम ७ च्या आसपास दिसला तर एक पिकअप तुटलाय किंवा त्याची एक वायर सुटलीय.

या पार्श्वभूमीवर जॅझसाठी मिळणारे हम-कॅन्सलिंग पिकअप बघा. स्टॅकमध्ये वरच्या कॉइलखाली दुसरी कॉइल असते. वरची तार ऐकते, खालची मुख्यतः हम. तारेचा ऐकला जाणारा तुकडा सिंगल कॉइलइतकाच राहतो, ही जमेची बाजू. पण खालच्या कॉइललाही तार थोडी ऐकू येते आणि ती उलट्या दिशेने, म्हणून थोडा सिग्नल वजा होतो. शिवाय इंडक्टन्स वाढतो, त्यामुळे वरचा चमकदार भाग मऊ पडतो. चांगल्या स्टॅकमध्ये हा फरक बँडसोबत कळत नाही, एकट्याने स्लॅप करताना (अंगठ्याने तार आपटून वाजवताना) कळतो.

स्प्लिट प्रकारात जॅझच्याच कव्हरमध्ये दोन अर्ध्या कॉइल टोकाला टोक लावून बसवतात, प्रिसिजनसारख्याच, फक्त सरळ रेषेत. प्रत्येक तार एकाच कॉइलला ऐकू येते, तुकडा अरुंद राहतो, खालच्या कॉइलची वजाबाकी नाही. माझा कौल याच प्रकाराला. दोष एकच: ए आणि डी तारांच्या मधे चुंबकाची दिशा बदलते, तिथे तार बेंड केली तर सूर क्षणभर दबतो. बेसवर एवढं बेंड कोण करतं, हा भाग वेगळा. पाच तारांच्या बेसमध्ये तुकडे ३ आणि २ तारांचे असतात. सेटमधल्या पिकअपच्या पोलच्या (तारेखालच्या चुंबकी खिळ्यांच्या) ओळी तारांशी जुळतात का, हे बसवण्याआधी कागदावर मोजा.

तिसरा प्रकार शेजारी-शेजारी दोन कॉइल किंवा दोन पट्ट्यांचा. इथे तारेचा ऐकला जाणारा तुकडा रुंद होतो आणि अगदी वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर) पुसट होतात. सूर गुबगुबीत हवा असेल तर उत्तम, ‘जुना जॅझ’ हवा असेल तर हा तो नव्हे. बिनचुंबकाची डमी कॉइल पोकळीत लपवण्याचा मार्गही आहे, पण ती सिरीजमध्ये इंडक्टन्स वाढवते आणि तिची दिशा पिकअपच्या दिशेशी जुळली तरच हम जातो. खटाटोप मोठा, फळ मध्यम.

लोक सगळ्यात जास्त फसतात ते अर्ध्या बदलात. ‘ब्रिजचाच हम करतो’ म्हणून फक्त ब्रिजचा पिकअप हम-कॅन्सलिंग घेतला की दोन्ही उघडल्यावर जो बेस आधी गप्प होता तो आता गुरगुरतो, कारण नेकच्या सिंगल कॉइलला वजाबाकीसाठी जोडीदारच उरला नाही. जॅझमध्ये बदलायचे तर दोन्ही, किंवा एकही नाही. प्रिसिजनचा आणि जॅझचा असे दोन पिकअप असलेल्या बेसमध्ये मात्र फक्त जॅझचा बदलणं बरोबर आहे, दुसरा आधीच शांत असतो. बदलल्यावर दोघांची दिशा जुळते का हे वर सांगितल्याप्रमाणे ऐकून बघा.

१९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेची वाट वेगळी आहे: मोठ्या पोलचा हंबकर (हम घालवणारा दोन कॉइलींचा पिकअप), दोन कॉइल पॅरललमध्ये, सोबत अ‍ॅक्टिव्ह प्रीअ‍ॅम्प. हंबकर असून चमकदार, कारण पॅरललमुळे इंडक्टन्स कमी. ‘हंबकर म्हणजे मंद’ म्हणणाऱ्याला हा बेस पुरेसं उत्तर आहे. अशा हंबकरला एका कॉइलवर नेणारा स्विच बसवला तर हम परत येतो हे गृहीत धरून चला. बऱ्याचदा त्याच दोन कॉइल सिरीज-पॅरलल करणारा स्विच जास्त उपयोगी पडतो.

अ‍ॅक्टिव्ह शब्दाभोवतीही धुकं आहे. साध्या पिकअपमागे प्रीअ‍ॅम्प लावला तर हम तसूभरही कमी होत नाही, तो सिग्नलसोबत वाढून येतो. फायदा होतो तो केबलचा भार सुटण्याचा. तोटा हिसचा: ट्रेबल १० डेसिबल वाढवला की वरची सळसळही तेवढीच वाढते. ज्यात प्रीअ‍ॅम्प पिकअपच्या आतच असतो ते कमी इम्पिडन्सचे (सिग्नलला कमी विरोध करणारे) पिकअप वेगळी जात. त्यांना २५ किलोओहमचे पॉट लागतात. तेच पॉट चुकून साध्या पिकअपला लावले तर ट्रेबल मेलाच समजा. उलट साध्या २५० किलोओहमच्या पॉटवर व्हॉल्यूम निम्मा केला की सिग्नलला ६० किलोओहमच्या वरचा रेझिस्टन्स ओलांडावा लागतो. ६०० पिकोफॅरडच्या केबलवर ४२०० हर्ट्झपासूनच उतार लागतो, आणि त्या रेझिस्टन्सची स्वतःची हिसही भर घालते. म्हणून तुलना नेहमी व्हॉल्यूम पूर्ण उघडून.

आता तुलना करायची रीत. तारा नव्या किंवा किमान एकाच वयाच्या. नव्या तारांवर जुना पिकअपही चमकतो. शेवटची फ्रेट दाबून पिकअपची उंची मोजा: पोलपासून तारेपर्यंत जाड बाजूला २.८ मिमी, बारीक बाजूला २ मिमी हे सुरुवातीला ठीक. फार जवळ नेला तर चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर लाटेसारखा हलतो. रेकॉर्डिंगसाठी ऑडिओ इंटरफेसचा इन्स्ट्रुमेंट इनपुट, १ मेगाओहम इम्पिडन्सचा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात जोरात तार छेडल्यावर शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास येईल एवढा गेन ठेवा आणि मग त्या नॉबला हात लावू नका, वाटल्यास टेप लावा.

ट्रान्सफॉर्मर असलेल्या अ‍ॅम्पपासून ठरावीक अंतरावर, समजा २ मीटरवर, बसा. तारा दाबून धरून २० सेकंद गोंगाट रेकॉर्ड करा, एकदा सगळ्यात वाईट कोनात आणि एकदा सगळ्यात शांत कोनात. वाईट कोनातला आकडाच खरा. नाहीतर एका पिकअपचं तोंड ट्रान्सफॉर्मरकडे आणि दुसऱ्याचं भिंतीकडे, अशी तुलना होते. मग चारही तारा मोकळ्या आणि पाचव्या फ्रेटवर, प्रत्येकी चार वेळा, एकाच जागी छेडा. अंगठ्याला टेकायची जागा पेन्सिलने आखून घ्या. गोंगाट आणि सूर दोन्हींचा आरएमएस (सरासरी पातळी) काढा आणि फरक बघा. नुसता गोंगाट मोजू नका: जोरदार पिकअपचा हमही जोरदार असतो, पण सिग्नल त्याहून चढला असेल तर तोच पिकअप जास्त शांत. स्पेक्ट्रममध्ये ५०, १५०, २५० ची उंच टोकं दिसली तर हम. १०० च्या पटींची दाट कुंपणासारखी रांग वरपर्यंत गेली तर बझ, म्हणजे पिकअप बदलण्याआधी टेप.

टोन ऐकण्याआधी दोन्ही रेकॉर्डिंग अर्ध्या डेसिबलच्या आत एका पातळीवर आणा. हे केलं नाही तर जो मोठा तोच ‘भरदार, जिवंत’ वाटतो, आणि कान यात तज्ज्ञालाही फसवतात. नावं झाकून ऐका, एकदा एकटा बेस आणि एकदा ड्रमसोबत. एकट्या बेसवर लख्ख ऐकू येणारा स्टॅकचा मऊपणा ड्रमच्या झांजांखाली बहुतेक वेळा सापडत नाही.

आणि पिकअप तसेच ठेवून हम सॉफ्टवेअरने कापायचा विचार असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झ आहे आणि मोकळी जी तार ९८. ५० आणि १०० वर खाच पाडणारा फिल्टर नेमके हेच सूर खातो. जीमध्ये असलेल्या गाण्यात बेसचा पायाच ढासळतो. खाच लावायचीच तर खूप अरुंद ठेवा आणि १५० पासून वरच लावा, कारण छोट्या स्पीकरवर टोचतात ते वरचेच. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा) तोडक्या वाजवण्याला चालतो. लांब धरलेल्या सुराची शेपूट मात्र तो कापतो, आणि ज्या स्लो गाण्यात हम सगळ्यात जास्त ऐकू येतो तिथेच तो निकामी ठरतो. तिथे दोन्ही नॉब पूर्ण उघडे ठेवून, बेसचं तोंड शांत कोनाकडे वळवून वाजवलेलं रेकॉर्डिंग जास्त स्वच्छ निघतं.